केडगावची माउली पंडिता रमाबाई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी यंदा प्रत्येकीने एकेका थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे ठरले. कुणी जिजाबाई घेतल्या, कुणी अहिल्यादेवी, कुणी सावित्रीबाई. माझ्याकडे पंडिता रमाबाई आल्या. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसारात वावरणारी बाई. संस्कृतात व्याख्याने देणाऱ्या विदुषीचे चरित्र आपण काय लिहिणार, असे आधी वाटले. परंतु वाचनालयातून आणलेली पुस्तके जसजशी वाचत गेले तसतसे ध्यानात आले की, या बाईंची विद्वत्ता मोठी खरी, पण त्यांची माया त्याहून मोठी होती. आणि माया समजायला सातवी इयत्ता पुष्कळ झाली.

आरंभीच एक खुलासा करते. रमाबाई नावाच्या तीन थोर स्त्रिया महाराष्ट्राला ठाऊक आहेत, त्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो. एक न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, ज्यांनी पुण्याचे सेवासदन वाढवले. दुसऱ्या डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी माता रमाबाई. आणि तिसऱ्या या पंडिता रमाबाई. जन्माने कोकणस्थ ब्राह्मण, पुढे ख्रिस्ती झालेल्या, आणि पुण्याजवळ केडगावला निराधार बायकामुलींचे मुक्तिसदन उभारणाऱ्या.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ या ठिकाणी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे शास्त्री. बायकांनी संस्कृत शिकू नये अशी त्या काळची समजूत, पण अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, घरात बसवून संस्कृत शिकवले. लोकांनी त्यांना नावे ठेवली, जाब विचारला. त्यांनी शास्त्रातलेच आधार दाखवून आपली बाजू मांडली आणि शेवटी रानात जाऊन आश्रम थाटला. आल्यागेल्याला जेवू घालता घालता सारे द्रव्य संपले. तेव्हा बिऱ्हाड मोडून हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमाबाई त्या वेळी अवघ्या सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगरावरून खाली आणले. त्या दिवसापासून पुढे वीसबावीस वर्षे या मुलीला घर असे मिळालेच नाही.

देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, लोक देतील त्या शिध्यावर दिवस काढायचा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरायची, असा त्यांचा क्रम होता. दिवसभर आईला उसंत नसे. म्हणून ती पहाटे, पाखरे जागी होण्याआधी, लेकीला मांडीवर घेऊन, थोपटत थोपटत जागी करी आणि श्लोक सांगे. भगिनींनो, आपणही पहाटे उठतो, पण डबे आणि पाणी भरण्यासाठी. या माउलीने ती वेळ लेकीच्या विद्येसाठी राखली. त्याच शिकवणीने रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

पुढे 1870 नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळामागून दुष्काळ पडले. याच दशकातल्या दुष्काळात माणसांचे हाल पाहून आपल्या शेजारच्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी हाती शस्त्र घेतले, हे आपण पनवेलकर जाणतोच. रमाबाईंच्या घरावर दुष्काळाचा घाला निराळ्या रीतीने पडला. पुराण ऐकायला कुणी येईना. वडील म्हातारे, डोळ्यांनी अंध झालेले. मजुरी करण्याची सवय नाही आणि भीक मागणे जमत नाही. किडूकमिडूक दागिने गेले, तांब्यापितळेची भांडी गेली, चांगली वस्त्रे गेली. जे होते ते देवाला आणि ब्राह्मणांना दान करीत गेले, या आशेने की देव प्रसन्न होऊन पोटाला देईल. शेवटी रानात अकरा दिवस पाला, पाणी आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढले. काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, थोरली बहीण कृष्णाबाई गेली.

आईच्या मरणाची हकिगत वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आले. परक्या गावात तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. कशीबशी दोन माणसे कळवळून पुढे आली. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. त्या उंचीने लहान, म्हणून तिरडी खांद्यावर पेलेना. तेव्हा त्यांनी ती डोक्यावर घेतली आणि दूरच्या स्मशानापर्यंत नेली. सोळासतरा वर्षांची पोर ती.

मग बहीणभावंडे पायी निघाली. दक्षिणेकडून थेट काश्मीरपर्यंत शेकडो कोस चालली. पायांत जोडे नाहीत, अंगावर पांघरूण नाही. थंडीच्या एका रात्री नदीकाठच्या वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत उतरून मानेपर्यंत वाळू ओढून घेतली आणि तशी रात्र काढली. भूक म्हणजे काय, उघड्यावर रात्र काढणे म्हणजे काय, हे रमाबाई पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचेच फळ आले.

फिरत फिरत दोघे 1878 साली कलकत्त्याला पोचली. एक तरुण मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, स्त्रीशिक्षणावर शास्त्राधारे व्याख्यान देते, हे पाहून तिथल्या पंडितांना मोठे नवल वाटले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु 1880 साली भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, भाषा निराळी, म्हणून दोन्हीकडच्या लोकांनी पाठ फिरवली. संसार मात्र सुखाचा होता. 1881 च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा ठेवले. तान्ही मुलगी वर्षाचीही झाली नव्हती तो 4 फेब्रुवारी 1882 रोजी मेधावी पटकीने गेले. उणापुरा दीडपावणेदोन वर्षांचा संसार! वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती, सगळी माणसे गेलेली, आणि कडेवर तान्हे मूल.

अशा स्थितीत दुसरी कुणी हातपाय गाळून बसली असती. रमाबाई पुण्याला आल्या. रानडे पतिपत्नींनी आणि इतर सुधारक मंडळींनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी 1882 सालीच आर्य महिला समाज काढला. बायकांनी एकत्र बसावे, वाचावे, बोलावे, विचार करावा हा त्याचा हेतू. आज आपण मंडळात सतरंजी घालून बसतो, त्या सतरंजीचा एक धागा तिथून आला आहे असे मी म्हणते. सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींना शिकवायला बाया हव्यात आणि बायकांना औषध द्यायला बाया डॉक्टर हव्यात, असे त्यांनी तिथे ठासून सांगितले. याच वर्षी स्त्रीधर्मनीति हे मराठी पुस्तक लिहिले. त्याच्या विक्रीतून आलेले पैसे घेऊन, वैद्यकी शिकावी या इच्छेने, 1883 साली मनोरमेला बरोबर घेऊन त्या विलायतेला गेल्या.

तिथे वाँटेज या गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. ऐकायला कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. पण तिथे एक प्रसंग घडला आणि आयुष्याची दिशा बदलली. मठाच्या बाया लंडनजवळ फुलहॅम येथे वाईट मार्गाला लागलेल्या बायकांसाठी एक आश्रम चालवीत. तो पाहायला रमाबाई गेल्या. ज्या बायकांचे नाव घेणेही आपल्याकडे पाप समजत, त्यांना तिथे कुणी हिडीसफिडीस करीत नव्हते. त्यांना माणसासारखे वागवून, काम शिकवून पुन्हा उभे करीत होते. रमाबाईंना मोठे आश्चर्य वाटले. हे तुम्ही कशासाठी करता, असे त्यांनी एका जोगिणीला विचारले. तेव्हा तिने येशूची आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. शोमरोनी लोकांचा यहुद्यांना विटाळ होई. त्या जातीची एक बाई भर दुपारी विहिरीवर पाण्याला आली. तिचे पाच नवरे झालेले, आणि आता राहत होती तो तिचा नवरा नव्हता. विहिरीच्या काठी दमून बसलेल्या येशूने तिच्याकडे पाणी मागितले. तिला नवल वाटले, कारण असे पाणी कुणी मागत नसे. येशूने तिला तिचे सारे आयुष्य सांगितले, पण धिक्कारले नाही. उलट, ज्याने कायमची तहान भागते असे पाणी देवाजवळ आहे, ते मागशील तर मिळेल, असे सांगितले. ती बाई घागर तिथेच विसरून गावात धावत गेली आणि साऱ्या गावाला बोलावून घेऊन आली.

विहीर, घागर, विटाळ आणि दुपारच्या वेळी एकटीने पाण्याला जाणारी बाई! भारतातल्या बाईला ही गोष्ट लगेच आपली वाटावी यात नवल नाही. गाढवाला तहानेने तडफडताना पाहून रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्याच्या तोंडी रिकामी करणारे आपले एकनाथ महाराज मला इथे आठवले. रमाबाईंच्या मनात ही गोष्ट खोल गेली. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

इकडे पुण्यात मोठा गहजब झाला. ज्यांनी डोक्यावर घेतले होते त्यांतल्या अनेकांना दुःख झाले, संताप आला. तिकडे विलायतेतही रमाबाईंनी डोळे मिटून मान डोलावली नाही. धर्मगुरू सांगतील तेच मानायचे हे त्यांना पटेना, म्हणून मठातल्या वडीलधाऱ्या बायांशी त्यांचे पत्रांतून खटके उडत. धर्म बदलला तरी पोशाख बदलला नाही, शाकाहार सोडला नाही. शेवटपर्यंत पांढरे सुती लुगडे नेसल्या.

1886 साली त्या अमेरिकेला गेल्या. आपल्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी 11 मार्चला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. तिथे त्यांनी बालवाडीची शिक्षणपद्धती शिकून घेतली आणि गावोगाव व्याख्याने दिली. उच्च जातीतल्या हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते 1887 साली निघाले. ते वाचून तिथल्या लोकांनी बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन केले आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत द्यायचे वचन दिले. त्या बळावर रमाबाई परत आल्या आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. हीच पुढे 1893 साली धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली, आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. महर्षी कर्व्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला, त्यात बायांचा वाटा केवढा होता हे सर्वांना ठाऊक आहे. रमाबाईंच्या दिव्यावर लागलेला दिवा असा हिंगण्याला तेवला, आणि त्याला धर्माची आडकाठी झाली नाही.

आता मी या चरित्रातल्या सर्वांत महत्त्वाच्या जागी आले. शारदासदन चालू होते, नाव होत होते, तरी रमाबाईंच्या जिवाला समाधान नव्हते. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती. ख्रिस्ती धर्माची पुस्तके वाचली होती, मते तपासली होती, वाद घातले होते. पण आपल्याला धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना आतून वाटत राहिले. 1891 च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका पाद्रीसाहेबांचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हे गृहस्थ स्वतः कित्येक वर्षे पाद्री असून त्यांना आपला देव उशिराने उमगला होता. ते वाचून रमाबाईंना स्वतःचे दुखणे कळले. त्या आजवर देवाच्या मायेला पात्र होण्याची धडपड करीत होत्या. लहानपणी आईवडिलांनी दाने केली, व्रते केली, तीर्थे केली, ती देवाने बदल्यात काही द्यावे म्हणून. धर्म बदलल्यावरही मनातला तो हिशेब तसाच चालू राहिला होता. फक्त व्रतांच्या जागी सत्कृत्ये आली होती. देवाची माया ही मजुरी नव्हे, ती आधीच दिलेली आहे, आपण फक्त ओंजळ पुढे करायची, हे त्या दिवसांत त्यांना उमगले. त्यांनी आपली विद्वत्ता, आपला अभिमान बाजूला ठेवून लहान मुलासारखी ती माया घेतली.

वाचायला हे सोपे वाटते, पण मला वाटते हे फार अवघड असावे. आपणा बायकांना द्यायची सवय असते. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेसुरले आपल्या पानात घ्यायचे. कुणी आपल्यासाठी काही केले तर अवघडल्यासारखे होते, कधी एकदा परतफेड करते असे होते. रमाबाई तर एकटीने जग हिंडलेली, कुणापुढे न वाकलेली बाई. तिने घ्यायला शिकावे ही लहान गोष्ट नव्हे. आणि ज्याला घेता येत नाही त्याचे देणेही कोरडे असते. त्यात उपकाराचा वास येतो.

या घेण्याने रमाबाईंच्या देण्यात काय फरक पडला, तो पाहण्यासारखा आहे. शारदासदन हे मुख्यतः उच्च जातीतल्या विधवांसाठी होते. त्याला सल्लागार मंडळ होते. मुलींनी आपापला आचार पाळावा, स्वयंपाकाला ब्राह्मण बाई असावी, धर्माची शिकवण देऊ नये, असे ठरले होते. 1890 साली सदन पुण्याला हलले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. त्यावरून मोठे वादळ उठले. मुलींना बाटवण्याचा हा डाव आहे, असे केसरीने टीकेत म्हटले. 1893 साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि पंचवीसच्या आसपास मुली पालकांनी काढून नेल्या.

या वादाचा निवाडा करण्याची माझी पात्रता नाही. मी स्वतः देव्हाऱ्यापुढे दिवा लावणारी. आपली लेक शाळेत घातली आणि ती दुसऱ्या देवाची प्रार्थना करू लागली, तर आईबापांच्या पोटात गोळा येणारच, हे मी समजू शकते. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या देवाशी बोलायला मी दारही लावून घेणार नाही. दोन्ही बाजूंना आपापले दुःख होते. मात्र एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. ज्यांनी मुली नेल्या त्यांतल्या कित्येकींना पुन्हा त्याच माजघरात कोंडून घ्यावे लागले असेल. आणि ज्या गेल्या त्यांच्याविषयी कडवटपणा न धरता रमाबाईंनी उरलेल्यांना घेऊन काम पुढे चालवले.

मग 1896 साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातम्या ऐकून रमाबाईंना आपले ते अकरा दिवस आठवले. सदनाजवळ जादा पैसा नव्हता, जागा नव्हती. तरी त्या निघाल्या. दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांत फिरताना त्यांना हाडांचे सापळे झालेल्या बाया दिसल्या, आई मेलेल्या मुली दिसल्या. आणि अशा पोरक्या मुलींवर टपून बसलेली दुष्ट माणसेही दिसली. इथे जात विचारायला सवड नव्हती, आचार सांभाळायला सवड नव्हती. सुमारे तीनशे बाया आणि मुली त्यांनी आणल्या. अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, सर्वांगाला खरूज आणि फोड. काहीजणी इतक्या उपाशी राहिलेल्या की अन्न दिसले की झडप घालीत, लपवून ठेवीत, शिव्या देत. त्यांना न्हाऊ घालणे, मलम लावणे, थोडे थोडे भरवणे हे सगळे करायला त्यांच्याबरोबर शारदासदनातल्या मुलीही राबल्या. काल ज्यांचे स्वयंपाकघर निराळे होते, त्यांनी आज कोण कुठली याची विचारपूस न करता दुसरीचे केस विंचरले. माझ्या मते मुक्तिसदनाची खरी पायाभरणी हीच.

त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला आणि इतकी माणसे शहरात ठेवायला सरकारने हरकत घेतली. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगावला रमाबाईंनी आधीच शंभरेक एकर जमीन घेऊन ठेवली होती. शेतीच्या आणि फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे हा हेतू होता. तिथे तंबू आणि झोपड्या ठोकून या साऱ्याजणींना नेले. सरकारी प्लेगच्या इस्पितळात आपल्या एका मुलीची हयगय झाली म्हणून रमाबाईंनी गव्हर्नराची भीड न धरता वर्तमानपत्रात लिहिले, त्याची चर्चा थेट विलायतच्या पार्लमेंटात झाली. लेकीसाठी आई जशी पदर खोचून उभी राहते तसेच हे.

केडगावचा तो माळ कोरडा. रमाबाईंनी विहिरी खणवल्या, झाडे लावली, पक्क्या इमारती बांधल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही बाया आणि मुले आणली. मुक्तिसदनातल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. जरा विचार करा भगिनींनो, हळदीकुंकवाला शंभर बायका येणार म्हटले की आपली किती धांदल उडते! इथे दोन हजार माणसांचा रोजचा स्वयंपाक, कपडे, आजारपण, शिक्षण. अमेरिकेतून आणि इतर ठिकाणांहून मदत येई, पण उद्याच्या धान्याची हमी कुणी दिलेली नसे. कोठी रिकामी होत आली की रमाबाई सर्वांना घेऊन प्रार्थनेला बसत आणि मग उठून कामाला लागत.

नुसते जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. सकाळी शाळा आणि पुढे हातकाम. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दूधदुभते, बागकाम, धुलाई, वेताचे काम, छापखाना. सारे बायकांच्या हाती. वाईट मार्गाला लागलेल्या किंवा फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन होते. फुलहॅमला पाहिलेला आश्रम रमाबाईंनी असा आपल्या मातीत लावला. म्हाताऱ्या आणि दुबळ्या बायकांसाठी प्रीतिसदन, मुलांसाठी सदानंदसदन. अंध बायकांना उठावाची अक्षरे बोटांनी वाचायला आणि टोपल्या विणायला शिकवीत. दुष्काळातून आलेल्यांपैकीच कित्येकजणी पुढे नव्या आलेल्यांना सांभाळू लागल्या. जिला काल भरवावे लागले तिने आज दुसरीला भरवावे, असा हा क्रम होता. शोमरोनी बाई घागर विसरून गावात धावली, तसेच हे मला वाटते.

मुक्तिसदनात ख्रिस्ती उपासना उघडपणे चाले आणि तिथल्या पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या, हे लपवण्याचे कारण नाही. पोटाला दिले म्हणून धर्म घेतला, असा आक्षेप तेव्हाही लोक घेत आणि आजही घेतात. या आक्षेपाला मी उत्तर देऊ शकत नाही; पण त्या मुली रस्त्यावर मरत पडल्या होत्या तेव्हा त्यांना घरी नेण्याचे दुसऱ्या किती जणांनी मनात आणले, हा प्रश्न मी आधी स्वतःच्या समाजाला विचारीन.

आयुष्याची शेवटची सतराअठरा वर्षे रमाबाईंनी एका मोठ्या कामाला वाहिली. बायबलाचे मराठी भाषांतर होते, पण ते खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला समजायला जड वाटे. म्हणून या संस्कृत पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, मुळावरून साध्या मराठीत सारे बायबल नव्याने उतरवले. जिला पांडित्याबद्दल सरस्वती म्हणून गौरवले, तिने आपले पांडित्य अडाणी बाईच्या सोयीसाठी खर्च केले. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच त्याचे खिळे जुळवले.

सरकारने 1919 साली त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले. पण 1921 साली एक घाव बसला. मनोरमा, एकुलती एक लेक, विलायत आणि अमेरिकेत शिकून येऊन आईचा उजवा हात बनलेली, चाळिशीतच वारली. साऱ्या कामाची धुरा तिच्यावर सोपवायची होती. लहानपणापासून एकेक माणूस गमावत आलेल्या या बाईला वृद्धापकाळी लेकीचाही वियोग सोसावा लागला. तरी त्यांनी भाषांतराचे काम टाकले नाही. शेवटची पाने तपासून झाली आणि थोड्याच दिवसांत, 5 एप्रिल 1922 रोजी, पहाटेच्या झोपेतच त्यांनी देह ठेवला, असे सांगतात. वय चौसष्ट पुरे व्हायला काही दिवस उरले होते.

भारत सरकारने 1989 साली त्यांच्या नावे टपालाचे तिकीट काढले. केडगावला पंडिता रमाबाई मुक्ती मिशन आजही चालू आहे आणि निराधार बायकामुलींना तिथे आसरा मिळतो.

भगिनींनो, एवढे मोठे आयुष्य मी माझ्या बुद्धीप्रमाणे सांगितले. त्यातून मला एक गोष्ट मिळाली, ती तुमच्यापुढे ठेवते. कर्तव्य म्हणून केलेली सेवा माणसाला एक दिवस थकवते आणि मग चिडचिड सुरू होते. एवढे केले, कुणाला किंमत आहे का, हे वाक्य आपल्या सर्वांच्या तोंडी कधी ना कधी येते. रमाबाईंच्या तोंडी ते आले नाही, कारण आपल्याला न मागता, न कमावता देवाची माया मिळाली आहे हे त्या विसरल्या नाहीत. मिळालेलेच वाटायचे असले की हिशेब उरत नाही. त्या ते ख्रिस्ताच्या नावाने करीत, आपण आपल्या विठोबाच्या किंवा ज्याच्या त्याच्या देवाच्या नावाने करू. आपल्या पनवेलात हिंदू, मुसलमान, बेनेइस्राएल, ख्रिस्ती अशा साऱ्यांचे शेजार आहेत; विहिरीचे पाणी सर्वांचे एकच होते, हे जुन्या बायका अजून सांगतात.

आपल्या मंडळापुढे माझ्या दोन लहान सूचना आहेत. पहिली, मंडळाच्या दाराशी मदतीला येणाऱ्या बाईला, ती कुठली, कुणाची, कशामुळे या दशेला आली, हे विचारण्याआधी बसायला सतरंजी आणि प्यायला पाणी द्यावे. नाव मागाहून लिहिता येते. दुसरी, यंदाची सहल देवदर्शनाबरोबर केडगावलाही न्यावी. रमाबाईंच्या हातची झाडे आणि विहिरी असलेला तो परिसर डोळ्यांनी पाहावा, आणि येताना तिथल्या मुलींसाठी आपापल्या घरचे चार लाडू घेऊन जावे.

त्या माउलीच्या स्मृतीला माझा आणि आपल्या सर्वांचा नमस्कार.